नागपूरचे ५६ अंश: स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेल्या एका आकड्याचे प्रकरण

३० मे २०२४ रोजी, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, ऐन भरात असताना, नागपूरच्या रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. हे केंद्र भारतीय हवामान विभागाचे असून, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या उत्तर अंबाझरी मार्गालगतच्या सुमारे २४ हेक्टर मोकळ्या शेतजमिनीवर ते उभे आहे. त्याच दिवशी सोनेगाव येथील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारातील स्वयंचलित यंत्राने ५४ अंश दाखवले. परिसरातील उरलेली दोन स्वयंचलित केंद्रे, म्हणजे वर्धा मार्गाकडचे केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील केंद्र आणि रामटेकचे केंद्र, मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाल्याने देशभर खळबळ माजलेली होती. त्यामुळे नागपूरचा आकडा काही तासांत मोबाइलवरून घराघरांत पोहोचला आणि आपण देशातले सर्वांत तप्त शहर ठरलो, अशी चर्चा सुरू झाली.

या आकड्याचे गांभीर्य समजण्यासाठी काही जुन्या नोंदी आठवाव्या लागतात. भारतातील आजवरचे सर्वोच्च अधिकृत तापमान ५१ अंश असून ते राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले. जगातील मान्य उच्चांक ५६.७ अंशांचा असून तो अमेरिकेतील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदवला गेला. नागपूरचा स्वतःचा उच्चांक मे २०१३ मधला, ४७.९ अंशांचा आहे. रामदासपेठेतील नोंद खरी मानायची, तर नागपूरने आपलाच उच्चांक ८ अंशांनी आणि देशाचा ५ अंशांनी मागे टाकला होता, आणि जागतिक उच्चांक एका अंशाहून कमी अंतरावर राहिला होता. हवामान विभागाच्या नागपूर कार्यालयाने लवकरच खुलासा केला, की तापमानाच्या सेन्सरमध्ये बिघाड झाला असून ही नोंद बरोबर नाही.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले. स्वयंचलित केंद्रांच्या नोंदींवरून एखाद्या प्रदेशाच्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र ते तिथे मिटवता येत नाही. ‘बिघाड होता’ हे उत्तर मिळाले तरी तो कोणत्या जातीचा होता, तो केव्हापासून होता आणि त्या केंद्राच्या आधीच्या नोंदींपैकी किती वापरण्याजोग्या उरतात, हे तीन प्रश्न शिल्लक राहतात. माझ्या मते यांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच सहसा कोणी विचारत नाही.

दोन विरुद्ध दोन

आकडा तपासण्याची पहिली रीत म्हणजे शेजाऱ्याला विचारणे. एका केंद्राची नोंद संशयास्पद वाटली, तर आजूबाजूच्या केंद्रांशी ती ताडून पाहतात आणि बहुसंख्य केंद्रे एका बाजूला व एकच केंद्र दुसऱ्या बाजूला असेल, तर त्या एकट्याला दोषी धरतात. जगभरच्या गुणवत्ता-तपासणीच्या संगणकीय प्रणाली याच तत्त्वावर चालतात. नागपुरात त्या दिवशी हे तत्त्व लंगडे पडले. चार केंद्रांपैकी दोन पन्नाशीच्या पुढे होती आणि दोन ४४ च्या आसपास. शिवाय अंतराचा विचार केला, तर रामदासपेठेला सर्वांत जवळचे केंद्र सोनेगावचेच, अवघ्या काही किलोमीटरांवर, आणि तेच तिच्या बाजूने साक्ष देत होते. रामटेक तर पन्नासेक किलोमीटर दूर. जवळच्या शेजाऱ्याला अधिक वजन देणारे कोणतेही सूत्र त्या दिवशी ५६ अंशांच्या पारड्यात झुकले असते.

शेजाऱ्याची साक्ष तो स्वतंत्र असेल तरच उपयोगाची, हा यातून निघणारा धडा आहे. दोन केंद्रांवरची यंत्रे एकाच घडणीची असतील, एकाच काळात बसवलेली असतील, दोहोंचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित उपकरणाशी ताडून यंत्र जुळवून घेणे, एकाच वेळी लांबलेले असेल आणि दोन्ही एकाच उन्हात तापत असतील, तर ती दोन्ही एकाच दिशेने चुकू शकतात. संख्येने ती दोन असली, तरी साक्षीच्या दृष्टीने त्यांना एकच धरावे लागते. म्हणून केंद्रांची यादी करताना नाव, अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्या जोडीला यंत्राची घडण, सेन्सर बदलल्याची तारीख आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख असे रकाने हवेतच. आपल्याकडे जनतेला मिळणाऱ्या बहुतेक तक्त्यांत पहिले चार रकाने असतात, नंतरचे तीन नसतात.

पेच सोडवणारी साक्ष सोनेगावच्या आवारातच होती. विमानतळालगतच्या या वेधशाळेत पाऱ्याचा तापमापक असलेली स्टीव्हन्सन पेटी आहे. पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंना झडपांच्या तिरप्या पट्ट्या असलेली ही लाकडी पेटी पायांवर उभी असते. पट्ट्यांमधून हवा आरपार जाते आणि ऊन आत शिरत नाही. आतल्या कमाल तापमापकाच्या नळीला गळ्याशी एक चिंचोळी जागा असते, तीमुळे चढलेला पारा आपोआप उतरत नाही आणि संध्याकाळच्या साडेपाचच्या निरीक्षणाला दुपारचा उच्चांक तसाच वाचता येतो. या उपकरणाला सिमकार्ड लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि त्याचे चुकणे स्वयंचलित यंत्राच्या चुकण्यापेक्षा पूर्ण वेगळ्या जातीचे असते. त्याची साक्ष मोलाची ठरते ती याच कारणाने. एकाच आवारात यंत्राचे ५४ आणि पाऱ्याचे चाळिशीच्या मध्यावरचे तापमान समोरासमोर ठेवले, की कौल स्पष्ट होतो. पाऱ्याचा तापमापक आता जुना झाला, सगळीकडे स्वयंचलित यंत्रेच बसवावीत, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. नवी यंत्रे हवीतच. पण प्रत्येक जिल्ह्यात निदान एका ठिकाणी जुने आणि नवे उपकरण शेजारी शेजारी चालू राहिले पाहिजे.

हवेला हे शक्य होते का?

शेजारी नसला तरी तपासणीची दुसरी वाट उरते, ती भौतिकीची. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढत राहते आणि काही किलोमीटर उंचीपर्यंतचा थर नीट ढवळला जातो. अशा कोरड्या हवेचे तापमान दर किलोमीटरला ९.८ अंशांनी उतरते. म्हणजे जमिनीवर खरोखर ५६ अंश असतील, तर समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरवर, म्हणजे शहराच्या माथ्यावर सुमारे बाराशे मीटर उंचीवर, हवा ४४ अंशांची असली पाहिजे. रामटेकला माणसे ज्या हवेत वावरत होती, तितकी तप्त हवा रामदासपेठेच्या वर सव्वा किलोमीटर उंच लोंबकळत असायला हवी होती. त्याच उंचीवर रामटेकची हवा ३२ अंशांची असणार, आणि उन्हाच्या कडाक्यात मध्य भारतावर त्या थरात प्रत्यक्ष आढळणारे तापमान तिशीच्या आत-बाहेरच असते.

हिशेब आणखी एक पाऊल पुढे नेता येतो. तप्त हवा हलकी असते. तीन किलोमीटर जाडीचा थर शेजारच्यापेक्षा १२ अंशांनी तप्त असेल, तर त्याखाली हवेचा दाब ढोबळमानाने १० हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी पडेल. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबात इतकी तफावत तीव्र चक्रीवादळाच्या गाभ्याजवळ आढळते. रामदासपेठेत त्या दुपारी छपरे उडाली नाहीत, झाडे उन्मळली नाहीत. तप्त हवेचा थर पातळ होता असे मानले, तरी तो तासभरही टिकणार नाही, कारण खालची हलकी हवा लगेच वर निघून जाईल आणि तिची जागा आजूबाजूची हवा घेईल. सपाट मैदानावर सहा-सात किलोमीटरांत हवेच्या तापमानात १२ अंशांचा फरक टिकून राहू शकत नाही, आणि हे सांगायला एकही यंत्र उघडावे लागत नाही.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्या दिवसांत अनेकांनी आपल्या गाडीतल्या पडद्यावर किंवा उन्हात ठेवलेल्या तापमापकावर पन्नाशीच्या पुढचे आकडे पाहिले होते आणि हवामान विभाग खरे तापमान लपवतो आहे, असा त्यांचा ग्रह झाला होता. त्यांचे डोळे खोटे बोलत नव्हते. विदर्भातल्या काळ्या जमिनीचा किंवा डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग मे महिन्यातल्या दुपारी सहज ५५-६० अंशांपर्यंत जातो आणि उपग्रहावरून मोजले जाते तेही पृष्ठभागाचेच तापमान. हवामानशास्त्रात तापमान म्हणतात ते जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या, खेळत्या हवेचे. उन्हात डांबरावर राबणाऱ्या मजुराच्या देहाला मात्र ही सावलीतली हवा क्वचितच मिळते आणि त्याचा त्रास सरकारी आकड्याहून बराच मोठा असतो. त्याची ही तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर उष्माघाताच्या निकषांत आर्द्रता आणि ऊन धरून द्यायला हवे, चुकलेल्या सेन्सरला खरे मानून नव्हे.

बिघाड कोणत्या जातीचा?

आता यंत्राकडे जवळून पाहू. बहुतेक स्वयंचलित केंद्रांत तापमान मोजणारा भाग म्हणजे प्लॅटिनमच्या तारेचा एक बारीक तुकडा असतो. ० अंशाला त्याचा विद्युतरोध बरोबर १०० ओहम असतो आणि तापमान वाढेल तसा तो वाढत जातो. ४४ अंशांना तो ११७.०९ ओहम होतो, ५६ अंशांना १२१.७१. म्हणजे रामटेक आणि रामदासपेठ यांच्यातला बारा अंशांचा, देशभर गाजलेला फरक सेन्सरच्या भाषेत साडेचार ओहमांहून किंचित अधिक भरतो. जोडणीच्या स्क्रूवर गंज चढला, पावसाळ्यातला ओलावा केबलच्या तोंडाशी शिरला, उन्हाने वायरचे वेष्टन तडकले किंवा उंदराने ती कुरतडली, तर इतका जादा रोध सहज तयार होतो. दोन तारांच्या जोडणीत हा जादा रोध सरळ तापमान म्हणून वाचला जातो. चार तारांच्या जोडणीत तो वजा होतो. नागपुरात नेमके हेच घडले, असा माझा दावा नाही. मात्र एका ओहमाची गफलत जवळपास अडीच अंशांची होते, हे एकदा डोक्यात बसले, की यंत्राने दिलेल्या दशांशापर्यंतच्या आकड्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

दुसऱ्या जातीचा बिघाड सेन्सरच्या घराचा. स्टीव्हन्सन पेटीच्या जागी स्वयंचलित केंद्रात एकावर एक रचलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशांची उतरंड असते, तिच्या आत सेन्सर लटकतो. या बशांमधून वारा वाहत राहिला, तर आतली हवा बाहेरच्या हवेसारखीच राहते. पण दोन उन्हाळ्यांची धूळ बसून बशा मळकट पिवळ्या झाल्या, कुंभारीण माशीने दोन बशांच्या फटीत मातीचे घरटे बांधले, आणि दुपारी वारा पडला, की ती उतरंड एखाद्या बंद मोटारीसारखी आतून तापते. अशा वेळी सेन्सर अगदी बरोबर मोजत असतो. मात्र तो बाहेरच्या हवेऐवजी बशांमध्ये अडकलेली हवा मोजत असतो.

या दोन जातींत फरक कसा करावा? त्यासाठी त्याच केंद्रावरची आर्द्रतेची नोंद कामाला येते आणि हा धागा माझ्या मते पुरेसा वापरला जात नाही. हवेतल्या वाफेचा दाब समजा १५ हेक्टोपास्कल आहे. ४४ अंशांना हवा सुमारे ९१ हेक्टोपास्कल वाफ धरू शकते, तेव्हा सापेक्ष आर्द्रता १६ ते १७ टक्के येते. तीच हवा ५६ अंशांपर्यंत तापली, तर तिची क्षमता १६५ हेक्टोपास्कलवर जाते आणि सापेक्ष आर्द्रता ९ टक्क्यांवर घसरते. बशांची उतरंड खरोखरच तापली असेल, तर आत लटकणाऱ्या आर्द्रतेच्या सेन्सरलाही ही घसरण दिसली पाहिजे. तापमान १२ अंशांनी चढले आणि आर्द्रता शेजारच्या केंद्राइतकीच राहिली, तर हवा तापलेली नाही, दोष तारांमध्ये किंवा डेटा लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्रात, आहे. त्या केंद्राच्या नोंदींवरून वाफेचा दाब काढून पाहिला, तर अशा दिवशी तो अचानक आणि अकारण वाढलेला दिसतो, आणि कोरड्या मे महिन्यात एकाच केंद्रावर समुद्रकिनाऱ्यासारखी वाफ दिसणे ही बिघाडाची पक्की खूण होय. आर्द्रतेचा सेन्सर हिशेबासाठी त्याच बिघडलेल्या तापमापकाचा आधार घेत नाही ना, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

जागेचा दोष इथे संभवत नाही, हेही नोंदवले पाहिजे. जागतिक हवामान संघटनेने केंद्रांच्या जागांचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात आसपास शंभर मीटरपर्यंत काँक्रीट, डांबर किंवा उष्णतेचा दुसरा स्रोत नसावा लागतो. चौथ्या वर्गात जागेमुळे २ अंशांपर्यंत आणि पाचव्यात ५ अंशांपर्यंत चूक होऊ शकते, असे धरतात. मोकळ्या शेतात उभे असलेले रामदासपेठेचे केंद्र जागेच्या दृष्टीने शहरातल्या कित्येक केंद्रांहून चांगले ठरावे. तरीही ५६ चा आकडा तिथूनच आला. उलट तहसील कचेरीच्या गच्चीवर किंवा पत्र्याच्या गोदामाशेजारी उभे केलेले एखादे केंद्र जन्मभर दीड-दोन अंश जास्त दाखवत राहते आणि त्याची बातमी कधीच होत नाही.

न गाजणारी चूक

प्रकरणाचा गाभा माझ्या दृष्टीने इथे आहे. दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राची हवामान विभागाने लगेच तपासणी केली. प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून तुलना केली, तेव्हा तिथला सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. त्या २९ मेच्या दिवशी सफदरजंगच्या अधिकृत वेधशाळेत ४६.८ अंश होते, म्हणजे दिवस मुळातच असह्य होता, आणि त्यावर ३ अंशांची भर पडल्याने आकडा डोळ्यांवर आला. समजा तीच चूक एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या दिवशी झाली असती, तर केंद्राने ४१ दाखवले असते. ४१ अंशांवर कोणाची भुवईही उंचावली नसती, कोणतेही पथक तपासणीला गेले नसते आणि तो आकडा निमूटपणे मासिक सरासरीत, मग वार्षिक सरासरीत आणि अखेर एखाद्या प्रबंधातल्या नकाशात लाल ठिपका होऊन बसला असता.

मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असले, तर उष्णतेची लाट मानतात. ४५ अंशांवर सरासरी पाहावीच लागत नाही. अशा निकषांसमोर दोन अंशांची कायमची चूक लाटेच्या दिवसांची संख्या दुप्पट करू शकते. म्हणून ५६ अंशांचा आकडा अभ्यासकाला तितकासा धोक्याचा नसतो, कारण तो पाहताक्षणी बाद होतो. धोका असतो तो त्याच केंद्राच्या आधीच्या आठवड्यांत, जेव्हा तेच बिघडू लागलेले उपकरण कदाचित ४६ च्या जागी ४८ दाखवत होते आणि आकडा पटण्याजोगा होता.

ते आधीचे दिवस शोधण्याची रीत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. संशयित केंद्राचे तापमान आणि एका विश्वासू केंद्राचे तापमान यांची वजाबाकी करून रोजचा फरक आलेखावर मांडायचा. दोन्ही ठिकाणचे तापमान ऋतूनुसार वीस-वीस अंशांनी चढउतार करते, पण त्यांच्यातला फरक मात्र बराच स्थिर राहतो, त्यामुळे मूळ आलेखात न दिसणारी गोष्ट वजाबाकीत दिसू लागते. एखाद्या तारखेला फरकाने एकदम उडी घेतली, तर त्या दिवशी सेन्सर बदलला गेला असेल किंवा दुरुस्ती झाली असेल. फरक महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जाऊन पहिल्या जोरदार पावसानंतर खाली आला, तर बशांवरची धूळ धुतली गेली. रात्री आणि दिवसा तो सारखाच वाढलेला असेल, तर दोष विद्युत जोडणीत शोधावा. फक्त दुपारी, निरभ्र आकाश आणि मंद वारा असतानाच वाढत असेल, तर दोष बशांच्या उतरंडीत. यासाठी केंद्राचीच वाऱ्याची नोंद हाताशी असते. ताशी पाच किलोमीटरहून कमी वाऱ्याच्या दुपारी आणि पंधराहून अधिक वाऱ्याच्या दुपारी वेगळ्या काढून दोन्ही गटांतला फरक तपासला, की उत्तर बहुधा मिळतेच.

वजाबाकीआधी वेळेची खातरजमा करणे अत्यावश्यक आहे. स्वयंचलित केंद्राची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत नोंदलेली असते आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. हे ध्यानात न घेता दिवसाचे कमाल काढले, तर एका दिवसाची दुपार दुसऱ्या दिवसाच्या पहाटेशी जोडली जाण्याचा घोटाळा होतो. दुसरी काळजी गहाळ नोंदींची. तप्त दुपारी मोबाइलचे जाळे किंवा बॅटरी दगा देते आणि नेमक्या दोन ते चार या वेळेतल्या नोंदी येत नाहीत. संगणक उरलेल्या नोंदींतून कमाल काढतो आणि ते खऱ्याहून कमी येते. ही चूक उलट्या दिशेची असल्याने ती तर अजिबातच कोणाच्या नजरेत भरत नाही.

आकड्याच्या पलीकडे पैसा

रामदासपेठेतल्या आकड्यावर कोणाचे पैसे अडलेले नव्हते. पण महाराष्ट्रात आता स्वयंचलित केंद्राच्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे प्रत्यक्ष अवलंबून असतात. ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत एकेक स्वयंचलित केंद्र बसवण्याचे काम सुरू झाले ते २०१७ मध्ये, आणि त्यातले पहिले केंद्र नागपूर जिल्ह्यातल्याच डोंगरगावचे. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांच्या दर दहा मिनिटांच्या नोंदी या केंद्रांतून येतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात संत्रा, केळी, द्राक्ष, आंबा यांच्या बागाईतदाराला भरपाई मिळते की नाही, हे मंडळातल्या केंद्राने ठरावीक काळात ठरावीक तापमान किंवा पाऊस नोंदवला की नाही, यावर ठरते. इथे बागेचा पंचनामा होत नाही, केंद्राची नोंद हाच पंचनामा.

अतिवृष्टीच्या मदतीतही मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जाणे हा निकष असतो. या ६५ च्या रेषेजवळ यंत्राचे वागणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली तराजूसारखे दोन छोटे पाळणे असतात. एक भरला की झुकतो, रिकामा होतो आणि दुसरा वर येतो, आणि प्रत्येक झुकण्याला एक ठोका मोजला जातो. नरसाळ्याचे तोंड २० सेंटिमीटर व्यासाचे आणि एक ठोका ०.२ मिलिमीटरचा असेल, तर पाळण्यात सव्वासहा मिलिलिटर पाणी मावते, चमचाभराहून जरासे जास्त. मुसळधार सरीत पाळणा झुकत असताना वरून पडणारे पाणी मोजणीतून निसटते, त्यामुळे ज्या दिवशी नोंद सर्वांत महत्त्वाची, त्याच दिवशी हे यंत्र थोडे कमी मोजते. नरसाळ्याच्या भोकात पानाचा तुकडा किंवा चिमणीने आणलेली काडी अडकली, तर पाऊस तासन्‌तास थेंबाथेंबाने मोजला जातो. शेवटी बेरीज कदाचित बरोबर येते, पण दिवसाची हद्द साडेआठला बदलते. पहाटे सहा ते सकाळी अकरा या वेळेत ८० मिलिमीटर कोसळले आणि त्यातले निम्मे साडेआठच्या अलीकडे व निम्मे पलीकडे पडले, तर निकषाच्या दृष्टीने दोन्ही दिवस ४० मिलिमीटरचे ठरतात. शेत मात्र एकाच दिवशी वाहून गेलेले असते.

असा कमी मोजलेला पाऊस बातमी होत नाही. ५६ अंशांसाठी राष्ट्रीय माध्यमे धावली, पण ५८ मिलिमीटरच्या नोंदीमुळे मदतीबाहेर राहिलेल्या मंडळासाठी कोणी तपासणी पथक पाठवत नाही. शेतकरी तक्रार करतो तेव्हा त्याच्या हाती स्वतःच्या डोळ्यांखेरीज पुरावा नसतो. शेजारच्या चार मंडळांच्या दहा-दहा मिनिटांच्या नोंदी, रडारची चित्रे आणि केंद्राच्या देखभालीची वही त्याला सहज मागता आली, तर तो वाद आकड्यांच्या आधारे होऊ शकेल. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘विंड्स’ या नावाने ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापकांचे जाळे नेण्याचे धोरण मांडले आहे. केंद्रांची संख्या वाढणे चांगलेच आहे, पण नरसाळे पुसणारा माणूस आणि कॅलिब्रेशनची तारीख यांची तरतूद त्याच वेगाने वाढली नाही, तर वाढतील त्या केवळ नोंदी.

नोंदवहीत काय लिहावे

मराठीत आपण रोजच्या हवेलाही हवामान म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच म्हणतो. स्वयंचलित केंद्रांच्या अभ्यासात हा घोळ महागात पडतो. एखाद्या प्रदेशाचे हवामान ठरवायला तीस वर्षांच्या नोंदी लागतात आणि सध्या १९९१ ते २०२० हा काळ प्रमाण धरला जातो. २०१७ नंतर उभ्या राहिलेल्या केंद्रांना ही वाट अजून बरीच चालायची आहे. त्यांच्या नोंदींवरून विदर्भ तापतो आहे की नाही, हे सांगता येणार नाही, त्यासाठी सोनेगावसारख्या जुन्या वेधशाळांच्या पाऱ्याकडेच जावे लागेल. मात्र एकाच दिवशी काटोलच्या संत्राबागांत, उमरेडच्या खाणीकाठी आणि रामटेकच्या टेकड्यांजवळ हवा किती वेगळी होती, हे जुन्या विरळ जाळ्यातून कधीच कळले नसते आणि नव्या केंद्रांचे मोल या भौगोलिक बारकाव्यात आहे. हा बारकावा साधारणपणे एक-दोन अंशांचाच असतो, म्हणजे बरोबर तेवढाच, जेवढी एका अस्वच्छ उतरंडीची चूक असते.

मग ५६ च्या नोंदीचे काय करावे? ती पुसून टाकावी, असा सल्ला अनेक जण देतात आणि तो मला मान्य नाही. लिबियातील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदलेले ५८ अंश जागतिक उच्चांक म्हणून नव्वद वर्षे मान्य होते. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये तो उच्चांक रद्द केला. तिथल्या नवख्या निरीक्षकाने तापमापकाचा चुकीच्या टोकाकडचा भाग वाचला असावा आणि सुमारे ७ अंशांची चूक झाली असावी, हा निष्कर्ष निघू शकला, कारण मूळ नोंदवहीचे पान जपून ठेवलेले होते. कोणी ते फाडून टाकले असते, तर चूक सिद्ध करण्याचा मार्गच उरला नसता.

त्यामुळे रामदासपेठेच्या तक्त्यात ३० मे २०२४ च्या ओळीत मूळ नोंद म्हणून ५६ हा आकडा तसाच राहावा, त्यापुढे ‘सेन्सर सदोष, वापरू नये’ असा शेरा असावा आणि सुधारित तापमानाचा रकाना रिकामा सोडावा, शेजारच्या केंद्रावरून अंदाज बांधून तो भरू नये. त्याच्या वरच्या ओळींना, म्हणजे मे आणि एप्रिलच्या ज्या दिवसापासून सोनेगावच्या पाऱ्याशी असलेला फरक नेहमीच्या मर्यादेबाहेर जाऊ लागला त्या दिवसापर्यंत मागे जाऊन, ‘संशयास्पद’ असा शेरा द्यावा. काढलेल्या सेन्सरची प्रमाणित उपकरणाशी झालेली तुलना, तिची तारीख आणि नवा सेन्सर बसवल्याची तारीख याच तक्त्याला जोडली जावी, आणि तोवर त्या केंद्राचा २०२४ चा उन्हाळा कोणत्याही सरासरीत धरला जाऊ नये.